ध्रुवीय शैवाकांच्या समूहांसाठी जनुकीय मार्कर कसे तयार करावेत

गोडा मसाल्यासाठी ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून आपण जे दगडफूल आणतो, त्याचेच दूरचे भाऊबंद अंटार्क्टिकाच्या बर्फाबाहेर उघड्या पडलेल्या खडकांवर शतकानुशतके चिकटून राहिलेले असतात. मराठी विज्ञानलेखनात या सजीवांना शैवाक म्हणतात. शैवाक म्हणजे एकच वनस्पती नव्हे, तर बुरशी आणि शैवाल यांचे एकत्र नांदणारे घर आहे, हे स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनी १८६७ मध्ये मांडले तेव्हा त्यांना कडाडून विरोध झाला होता. आज ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असते. तरीही प्रयोगशाळेत शैवाकाच्या तुकड्यातून डीएनए काढून त्यावर मार्कर शोधायला बसलेला विद्यार्थी तीच गोष्ट हमखास विसरतो, आणि वर्षभराच्या कामानंतर आपण बुरशीचा अभ्यास करत होतो की शैवालाचा, हे त्याला सांगता येत नाही.

ठाणे आणि नवी मुंबईतल्या ज्या महाविद्यालयीन प्रयोगशाळांत पीसीआर यंत्र (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढणारे), जेलची टाकी, सेंट्रिफ्यूज आणि उणे २० अंशांचा डीप फ्रीजर आहे, पण सीक्वेन्सिंगचे, म्हणजे डीएनएची अक्षरे वाचण्याचे, यंत्र नाही, अशा ठिकाणी काम करणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. एवढ्या साधनांत हे काम नीट होते. बाहेर द्यावी लागणारी कामे दोनच आहेत: जनुकसंचाचे सीक्वेन्सिंग आणि केशनलिकेतले खंडमापन, म्हणजे पीसीआरने मिळालेल्या तुकड्यांची लांबी मोजणे.

आधी प्रश्न, मग मार्कर

मार्कर म्हणजे जनुकसंचातली अशी जागा की जी एकाच जातीच्या दोन व्यक्तींमध्ये वेगळी असू शकते आणि तो वेगळेपणा आपल्याला खात्रीने मोजता येतो. किती वेगळेपणा हवा हे प्रश्नावर ठरते. जात ओळखायची असेल तर बुरशींचा ‘बारकोड’ मानला गेलेला आयटीएस हा पट्टा बहुधा पुरतो. एकाच जातीच्या दोन समूहांत देवाणघेवाण होते का, एका खडकावरची पन्नास शैवाके ही एकाच पूर्वजाचे तुकडे आहेत की लैंगिक प्रजननातून आलेल्या वेगळ्या व्यक्ती आहेत, उत्तर ध्रुवाकडून दक्षिणेकडे प्रसार कधी झाला असावा, असे प्रश्न असतील तर आयटीएस फार कमी बोलतो.

याचे चांगले उदाहरण अस्निया या प्रजातीतले आहे. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या परिसरात अस्निया अंटार्क्टिका आणि अस्निया ऑरँटियाकोआट्रा अशी दोन शैवाके शेजारीशेजारी वाढतात. पहिल्यावर सोरेडिया, म्हणजे बुरशीचे धागे आणि शैवालपेशी एकत्र बांधलेल्या भुकटीसारख्या पुड्या, मुबलक असतात. दुसऱ्यावर बीजाणू तयार करणाऱ्या बशीसारख्या फळांचे, म्हणजे अ‍ॅपोथेसियांचे, प्रमाण जास्त असते. या दोन जाती आहेत की एकाच जातीच्या प्रजननाच्या दोन तऱ्हा, हा वाद आयटीएससारख्या पट्ट्यांनी सुटला नव्हता. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मायक्रोसॅटेलाइट अभ्यासाने दोन्हींचे जनुकीय गट स्पष्टपणे वेगळे दाखवले. प्रश्नाला साजेसा मार्कर निवडला की काय फरक पडतो, ते विद्यार्थ्यांना समजावताना मला हेच उदाहरण सर्वांत उपयोगी वाटते.

मायक्रोसॅटेलाइट म्हणजे एक ते सहा अक्षरांचा छोटा क्रम पुन्हा पुन्हा आलेली जागा. प्रतिकृती होताना तिथे पुनरावृत्तीची संख्या सहज कमीजास्त होते, त्यामुळे व्यक्तीव्यक्तींमध्ये लांबी बदलते. आरएपीडी आणि एएफएलपी या जुन्या पद्धती स्वस्त आणि सोप्या वाटतात, पण शैवाकासाठी त्या वापरू नयेत असे माझे ठाम मत आहे. त्यांत जेलवर मिळणारा बँड, म्हणजे डीएनएची रेघ, बुरशीचा, शैवालाचा की वर बसलेल्या एखाद्या जिवाणूचा, हे कळण्याचा मार्गच नसतो. संपूर्ण जनुकसंचातले एकाक्षरी बदल मोजण्याच्या नव्या पद्धती अधिक माहिती देतात, परंतु त्यांना डीएनए जास्त आणि चांगल्या प्रतीचा लागतो, शिवाय प्रत्येक नमुन्यामागचा खर्चही मोठा असतो. शेदोनशे छोटे, जुने, अर्धवट खराब झालेले नमुने हाती असतील, तर मायक्रोसॅटेलाइट अजूनही व्यवहार्य आहेत.

नमुने कुठून आणि किती

अंटार्क्टिकावरून एक दगडही सहज उचलून आणता येत नाही, आणि ते योग्यच आहे. १९९१ मध्ये सह्या होऊन १९९८ पासून लागू झालेल्या माद्रिद प्रोटोकॉलने तिथल्या सजीवांना संरक्षण दिले आहे. भारताचा स्वतःचा अंटार्क्टिक कायदा २०२२ साली झाला. भारतीय मोहिमांचे नियोजन गोव्याच्या वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र करते. शिर्माखर ओअ‍ॅसिसमधले मैत्री आणि लार्समन टेकड्यांमधले भारती ही दोन्ही केंद्रे अशा बर्फमुक्त खडकाळ भागांत आहेत की जिथे शैवाके मिळतात, आणि त्यांच्यातले अंतर सुमारे ३,००० किलोमीटर आहे. उत्तरेकडे स्वालबार्डमधल्या नी-ऑलेसुंड येथे २००८ पासून हिमाद्री हे केंद्र आहे. मोहिमेत स्वतः जाण्याची संधी थोड्यांनाच मिळते. म्हणून मोहिमेत गेलेल्या संशोधकांशी सहकार्य करणे, किंवा लखनऊची राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था आणि पुण्याची आघारकर संशोधन संस्था यांच्यासारख्या शैवाकांचे संग्रह सांभाळणाऱ्या ठिकाणी रीतसर विनंती करणे, हाच बहुतेकांचा रस्ता आहे.

नमुना किती घ्यावा याचा विचार वाढीच्या वेगाशी जोडून करावा. ब्युएलिया फ्रिजिडा हे खडकाला पापुद्र्यासारखे चिकटणारे शैवाक अंटार्क्टिकाच्या कोरड्या दऱ्यांमध्ये शंभर वर्षांत जेमतेम एखादा मिलिमीटर वाढते. तळहाताएवढा तुकडा खरवडून घेणे म्हणजे अनेक शतकांची वाढ पिशवीत भरणे होय. डीएनएसाठी ५ ते २० मिलिग्रॅम पुरेसे असतात, म्हणजे नखाच्या टोकावर मावेल एवढा कडेचा तुकडा. प्रत्येक समूहातून २० ते ३० व्यक्ती घ्याव्यात आणि दोन नमुन्यांमध्ये शक्यतो काही मीटरचे अंतर ठेवावे, कारण शेजारचे शैवाक हे बहुधा पहिल्याचाच गळून पडलेला तुकडा असतो. क्लोनचाच, म्हणजे एकाच व्यक्तीच्या तुकड्यांपासून वाढलेल्या सारख्या प्रतींचा, अभ्यास करायचा असेल तेव्हा मात्र मुद्दाम एका चौकटीतले सगळे नमुने, जागा मोजून, घ्यावेत.

पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने पानासारखी जात निवडावी. अंबिलिकेरिया डेकुसाटा ही जात मध्यभागी एकाच देठाने खडकाला धरून असते, चिमट्याने स्वच्छ सुटते आणि एक थॅलस, म्हणजे शैवाकाचे एक शरीर, ही एक व्यक्ती असे बहुतांशी धरता येते. ब्युएलियासारख्या पापुद्र्यात शेजारच्या दोन व्यक्तींची हद्द कुठे संपते हे सूक्ष्मदर्शकाखालीही सांगणे कठीण जाते.

सरावासाठी ध्रुवीय नमुना कधीही वापरू नये. बाजारातले दगडफूल त्यासाठी उत्तम आहे. ते अनेक जातींचे मिश्रण असते, उन्हात वाळवून गोण्यांमध्ये महिनोन्‌महिने पडलेले असते, म्हणून त्याचा डीएनए तुटका आणि रंगीत द्रव्यांनी भरलेला येतो. ज्याला दगडफुलातून स्वच्छ डीएनए काढता येऊ लागला, त्याच्या हाती जुना संग्रहातला नमुना द्यायला हरकत नाही. येऊरच्या झाडांच्या सालींवरही शैवाकांचे पांढुरके चट्टे भरपूर दिसतात, पण तो भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा आहे, वनखात्याच्या लेखी परवानगीवाचून तिथून सालीचा कपटाही घेऊ नये.

ठाण्याचा पावसाळा आणि कोरडा नमुना

ध्रुवावरून आलेला नमुना जगातल्या सर्वांत कोरड्या हवेतून थेट आपल्या जूनमधल्या दमट हवेत येतो. हा टप्पा फार काळजीने सांभाळावा लागतो. एका वर्षी आमच्या प्रयोगशाळेत जुलै महिन्यात कागदी पाकिटांतले काही नमुने साध्या लाकडी कपाटात राहिले. तीन आठवड्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा कडांवर हवेतल्या बुरशीचे बारीक धागे दिसले, आणि त्या नमुन्यांचा आयटीएस वाचून घेतला तर शैवाकाच्या बुरशीऐवजी अ‍ॅस्परजिलसचा क्रम आला. चूक माझीच होती. ते नमुने पुन्हा मिळणारे नव्हते, याचे दुःख आजही आहे.

त्यानंतर पाळलेली पद्धत अशी. नमुना आल्याच्या दिवशीच त्याचे दोन भाग करावेत. एक भाग ओळख पटवण्यासाठी संग्रहात जातो, दुसरा डीएनएसाठी छोट्या ट्यूबमध्ये, सिलिका जेलसह, झिपलॉकच्या दुहेरी पिशवीत आणि डीप फ्रीजरमध्ये जातो. जेलचे रंग बदलणारे दाणे दर आठवड्याला पाहावेत, रंग बदलला की दाणे ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरावेत. फ्रीजरमधून काढलेली पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर पिशवीच्या आत दव धरते आणि वाळवण्याची सगळी मेहनत एका मिनिटात वाया जाते. वीज गेल्यावर फ्रीजर किती तास टिकतो हे एकदा थर्मामीटर ठेवून मोजून ठेवावे. पूर्ण वाळलेल्या नमुन्याला काही तासांची उष्णता फारशी बाधत नाही, ओल मात्र बाधते.

डीएनए काढणे

शैवाकाचा डीएनए काढताना दोन अडथळे येतात. पहिला अडथळा उस्निक आम्लासारख्या शैवाकद्रव्यांचा, जी पीसीआरचे एन्झाइम अडवतात. दुसरा बुरशीच्या चिकट बहुशर्करांचा, ज्यामुळे शेवटचा द्रव पातळ पेजेसारखा दिसतो आणि पिपेटला धागे लागतात. आधी तुकडा स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली तपासून त्यावरचे वाळूचे कण, शेवाळाचे धागे आणि परजीवी बुरशीचे काळे ठिपके सुईने काढावेत. मग तो अ‍ॅसिटोनमध्ये दहा-पंधरा मिनिटे बुडवून ठेवावा. अ‍ॅसिटोनमध्ये शैवाकद्रव्ये विरघळतात, डीएनए विरघळत नाही. धुवण अनेकदा पिवळसर होते. ते रंगहीन होईपर्यंत दोन-तीनदा बदलावे आणि तुकडा पूर्ण सुकू द्यावा.

द्रव नायट्रोजन मिळत असेल तर त्यात गोठवून कुटणे सर्वांत चांगले. मिळत नसेल तर पूर्ण वाळलेला तुकडा पोलादी गोळ्यांसह ट्यूबमध्ये जोरात हलवणाऱ्या यंत्रात तितकाच बारीक होतो. त्यावर सीटीएबी द्रावण वापरावे: २ टक्के सीटीएबी, १.४ मोलर मीठ, १०० मिलिमोलर ट्रिस, २० मिलिमोलर ईडीटीए, पीएच ८, शिवाय १ टक्का पीव्हीपी आणि अगदी ऐनवेळी घातलेले थोडे मर्कॅप्टोइथेनॉल. ६५ अंशांवर तासभर ठेवून क्लोरोफॉर्म आणि आयसोअमाइल अल्कोहोल २४:१ या प्रमाणात मिसळून दोनदा स्वच्छ करावे. मर्कॅप्टोइथेनॉल आणि क्लोरोफॉर्मचे काम धुराड्याखालीच करावे. सीटीएबी थंडीत खाली बसते, त्यामुळे हे द्रावण फ्रीजमध्ये ठेवू नये. आयसोप्रोपॅनॉलने डीएनए खाली बसवून ७० टक्के इथेनॉलने धुवावा.

मोजणी करताना २६० आणि २८० नॅनोमीटरच्या गुणोत्तरावर समाधान मानू नये. ते १.८ च्या जवळ असूनही पीसीआर होत नाही असे शैवाकांत वारंवार दिसते, कारण अडथळा बहुशर्करांचा असतो आणि तो २६० व २३० च्या गुणोत्तरात उमटतो. अशा वेळी डीएनए दहा पट आणि पन्नास पट पातळ करून पाहावा. पातळ केल्यावर बँड येतो आणि घट्ट द्रावणात येत नाही, याचा अर्थ डीएनए आहे पण सोबत अडथळाही आहे.

जनुकसंच वाचून बुरशी आणि शैवाल वेगळे करणे

सगळ्या कामाचा कणा हा टप्पा आहे. थॅलसमधून काढलेल्या डीएनएत बुरशी, बहुधा ट्रेबॉक्सिया प्रजातीचे शैवाल, आणि असंख्य जिवाणू असे सगळे मिसळलेले असतात. मार्कर कोणाचा हे दोन मार्गांनी ठरवता येते.

पहिला मार्ग बुरशी एकटी वाढवण्याचा. अ‍ॅपोथेसियम ओले करून पेट्री डिशच्या झाकणाला आतून व्हॅसलीनने चिकटवले आणि खाली साधे पाण्याचे आगर ठेवले तर बीजाणू त्यावर उडून पडतात. अंकुरलेले बीजाणू माल्ट आणि यीस्टच्या अर्काच्या माध्यमावर हलवून बीओडी इन्क्युबेटरमध्ये १५ अंशांच्या आसपास ठेवावे लागतात. वाढ इतकी सावकाश होते की डीएनएपुरती बुरशी मिळायला अनेक महिने लागतात. ज्या जाती फळेच धरत नाहीत, त्यांच्या बाबतीत हा मार्ग जवळपास बंद असतो.

दुसरा मार्ग संपूर्ण थॅलसचे सीक्वेन्सिंग करून संगणकावर वाटणी करण्याचा. आमच्यासारख्या प्रयोगशाळांना हाच परवडतो. किती वाचन मागवावे याचा हिशेब ऑर्डर देण्यापूर्वी करावा. शैवाकी बुरशीचा जनुकसंच साधारण ३५ दशलक्ष अक्षरांचा धरला आणि त्याचे ५० पट आच्छादन, म्हणजे प्रत्येक अक्षर सरासरी ५० वेळा वाचलेले, हवे असेल, तर बुरशीचेच १.७५ अब्ज अक्षरांचे वाचन लागते. थॅलसच्या डीएनएत बुरशीचा वाटा निम्माच असेल असे गृहीत धरले तर एकूण ३.५ अब्ज अक्षरे मागवावी लागतात, आणि शैवालाचेही मार्कर हवे असतील तर ५ अब्जांच्या खाली जाऊ नये. १५० अक्षरांचे दुहेरी वाचन या कामाला पुरते.

डीएनए प्रयोगशाळेबाहेर पाठवताना तो सुकवून पाठवावा, म्हणजे बर्फाची गरज राहत नाही. ज्यांना तो बर्फातच द्यायचा आहे त्यांनी कुरियरचा माल सोमवारी सोडावा. ठाण्याहून तुर्भे किंवा महापे पट्ट्यात द्यायचा असेल तर थर्मोकोलचा डबा घेऊन ट्रान्स-हार्बरच्या गाडीने स्वतः जाणे हेच सर्वांत खात्रीचे.

वाचन आल्यावर फास्टक्यूसीने दर्जा पाहून, अडॅप्टर छाटून, मेटास्पेड्ससारख्या प्रोग्रामने तुकडे जोडावेत. जोडलेल्या प्रत्येक तुकड्याचा ब्लास्ट या क्रम जुळवून पाहणाऱ्या प्रोग्रामने शोध घ्यावा, आणि त्यासाठी ज्ञात शैवाकी बुरशींचे तसेच ट्रेबॉक्सियाचे जनुकसंच एकत्र करून स्वतःचा डेटाबेस बनवावा. सोबत प्रत्येक तुकड्याचे आच्छादन आणि त्यातले जी व सी अक्षरांचे प्रमाण यांचा आलेख काढावा. बुरशीचे तुकडे एका ढगात, शैवालाचे दुसऱ्या ढगात जमतात. ज्या तुकड्याचा शोध कोणाशीच जुळत नाही आणि जो दोन ढगांच्या मध्ये पडतो, त्यावर कितीही सुंदर मायक्रोसॅटेलाइट दिसला तरी तो सोडून द्यावा. विद्यार्थ्यांना हे जड जाते, कारण अशाच तुकड्यांवर कधीकधी सर्वांत लांब पुनरावृत्ती असते. परंतु अशी लांब पुनरावृत्ती जिवाणूची निघाली तर पुढचे सगळे आकडे निरर्थक ठरतात.

पुनरावृत्ती आणि प्रायमर

बुरशीच्या तुकड्यांवर मिसा हा प्रोग्राम चालवून पुनरावृत्त्या शोधाव्यात. एकाक्षरी पुनरावृत्त्या वगळाव्यात, त्यांची लांबी खात्रीने वाचता येत नाही. दोन अक्षरी असतील तर किमान दहा, तीन अक्षरी असतील तर किमान सात-आठ पुनरावृत्त्या असलेल्या जागा घ्याव्यात. कमी पुनरावृत्तीच्या जागा बहुधा सगळ्या व्यक्तींत सारख्याच निघतात. मी स्वतः तीन अक्षरींना प्राधान्य देतो, कारण दोन अक्षरींमध्ये खंडमापनाच्या आलेखात मुख्य शिखराआधी सावलीसारखी छोटी शिखरे येतात आणि नवशिक्याची मोजणी चुकते.

प्रायमर म्हणजे मोजायच्या खंडाच्या दोन टोकांना चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे, ते जोडीने लागतात. प्रायमर-३ या प्रोग्राममध्ये प्रायमरची लांबी २० अक्षरांच्या आसपास, वितळबिंदू ५७ ते ६३ अंश, दोघांतला फरक २ अंशांच्या आत, जी व सी चे प्रमाण ४० ते ६० टक्के आणि खंडाची लांबी १०० ते ४०० अक्षरे अशी बंधने घालावीत. संग्रहातले जुने नमुने वापरायचे असतील तर २०० अक्षरांच्या आतले खंड निवडावेत, जुना डीएनए त्याहून लांब तुकड्यांत क्वचितच शिल्लक असतो. निवडलेला प्रत्येक प्रायमर शैवालाच्या तुकड्यांवरही शोधून पाहावा, तिथे जुळला तर बाद करावा. चाळीस जोड्या मागवल्या तर पंधरा-वीस हाती लागतील असे धरून चालावे.

सगळ्या चाळीस जोड्यांना रंग लावून घेणे फार महाग पडते. एका प्रायमरच्या सुरुवातीला एम-१३ ही १८ अक्षरांची शेपटी जोडावी आणि रंग लावलेला एम-१३ प्रायमर एकच मागवावा. मार्कुस शुल्के यांनी २००० साली सुचवलेली ही युक्ती कमी निधीच्या प्रयोगशाळांसाठी वरदान ठरली आहे. पक्के मार्कर ठरल्यानंतरच त्यांना वेगवेगळे रंग लावून एका ट्यूबमध्ये चार-पाच एकत्र चालवावेत.

मार्करचा धनी कोण, ही चाचणी

जेलवर बँड आला की आनंद होतो, पण त्या बँडला अजून अर्थ नसतो. प्रत्येक प्रायमर चार ट्यूबमध्ये तपासावा: थॅलसचा डीएनए, एकट्या बुरशीचा डीएनए मिळाला असल्यास तो, एकट्या शैवालाचा डीएनए, आणि नुसते पाणी. ट्रेबॉक्सिया आगरवर वाढवता येते, तिचे प्रमाणित नमुने शैवालांच्या संग्रहांतूनही मिळतात. बुरशीच्या मार्करला शैवालाच्या ट्यूबमध्ये बँड आला तर तो मार्कर संपला. पाण्याच्या ट्यूबमध्ये बँड आला तर त्या दिवसाचे सगळे काम संपले, नवे द्रावण घेऊन पुन्हा सुरुवात करावी.

पीसीआरच्या शेवटी ६० अंशांवर अर्धा तास ठेवावे. एन्झाइम खंडाच्या टोकाला एक जादा अक्षर कधी लावते, कधी लावत नाही, आणि त्यामुळे एकाच अ‍ॅलीलची, म्हणजे त्या जागेच्या एकाच रूपाची, दोन शिखरे दिसतात. शेवटच्या या अर्ध्या तासात सगळ्या खंडांना ते अक्षर लागते आणि वाचन एकसारखे होते.

खंडमापनाचे निकाल आले की शैवाकांच्या बाबतीत एक सोय लक्षात घ्यावी. शैवाकातली बुरशी एकगुणित असते, म्हणजे प्रत्येक जागी तिचा एकच अ‍ॅलील असतो. त्यामुळे दोन शिखरे दिसली की काहीतरी चुकले आहे हे लगेच कळते. एकाच मार्करला सगळ्या नमुन्यांत दोन शिखरे असतील तर ती जागा जनुकसंचात दोनदा आहे, मार्कर बाद करावा. एकाच नमुन्यात अनेक मार्करना दोन शिखरे असतील तर दोन व्यक्ती एकमेकांत वाढलेल्या आहेत, नमुना बाद करावा. शैवालाच्या मार्करना हा नियम जसाच्या तसा लावू नये, कारण एका थॅलसमध्ये शैवालाचे एकाहून अधिक वंश खरोखरच नांदू शकतात. दहापैकी एक नमुना डीएनए काढण्यापासून पुन्हा करावा आणि दोन वाचनांतला फरक चुकीचा दर म्हणून नोंदवावा.

वैविध्य मोजणे, आणि किती मार्कर पुरतात

प्राणी आणि झाडांसाठी लिहिलेल्या बहुतेक पुस्तिका हार्डी-वाइनबर्ग समतोलाची चाचणी करायला सांगतात. एकगुणित बुरशीत विषमयुग्मजी, म्हणजे एका जागी दोन वेगळे अ‍ॅलील असलेल्या, व्यक्तीच नसतात, म्हणून ही चाचणी इथे लागू होत नाही. प्रबंधात ती चुकून घातलेली मी पाहिली आहे. त्याऐवजी नेई यांचे जनुकीय वैविध्य काढावे. समजा २० व्यक्तींमध्ये एका जागी तीन अ‍ॅलील १२, ६ आणि २ वेळा आढळले. त्यांची प्रमाणे ०.६, ०.३ आणि ०.१ होतात, वर्गांची बेरीज ०.४६, आणि ती १ मधून वजा करून २०/१९ ने गुणले की ०.५७ हे वैविध्य मिळते.

हाच आकडा किती मार्कर लागतील हे सांगतो. प्रत्येक मार्करचे वैविध्य ०.५ असेल आणि मार्कर एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तर दोन असंबंधित व्यक्ती एका मार्करवर सारख्या असण्याची शक्यता निम्मी, आणि १२ मार्करवर सारख्या असण्याची शक्यता ४,०९६ मध्ये एक. तेव्हा १२ मार्करवर सारखे आलेले दोन नमुने क्लोन आहेत असे म्हणायला आधार मिळतो. पण अंटार्क्टिकातले समूह अनेकदा जनुकीयदृष्ट्या दरिद्री असतात. सेट्रारिया अ‍ॅक्युलियाटा या दोन्ही ध्रुवांकडे आढळणाऱ्या शैवाकाच्या अंटार्क्टिक समूहांत इतर समूहांच्या मानाने कमी वैविध्य सापडले आहे. वैविध्य ०.२ वर आले की एका मार्करवर सारखे असण्याची शक्यता ०.८ होते, १२ मार्करवर ती जवळपास ७ टक्के राहते, आणि २० मार्कर घेतल्यावर कुठे १ टक्क्याच्या आसपास येते. शंभर नमुन्यांच्या ४,९५० जोड्या होतात, त्यांतल्या ७ टक्के म्हणजे साडेतीनशेच्या आसपास जोड्या निव्वळ योगायोगाने क्लोनसारख्या दिसतील. महाराष्ट्रातल्या एखाद्या विविधतेने भरलेल्या जातीवर पुरेसे ठरलेले बारा मार्कर ध्रुवावर अपुरे का पडतात, याचे उत्तर या गणितात आहे.

आणखी एक चूक टाळावी. मार्कर एकाच व्यक्तीच्या जनुकसंचावरून शोधले तर ती व्यक्ती ज्या समूहातली, त्याच समूहात ते जास्त बदलते दिसण्याची शक्यता असते. मग दुसरा समूह गरीब आहे की आपली निवड एकांगी आहे, हे कळत नाही. जात दोन्ही ध्रुवांवरची असेल तर मार्करची प्राथमिक चाचणी दोन्हीकडच्या, आणि शक्य असल्यास मधल्या पर्वतांवरच्याही, किमान सात-आठ नमुन्यांवर करावी.

पुढचे विश्लेषण आर या प्रणालीतल्या पॉपर आणि अ‍ॅडेजेनेट या संचांनी होते. आधी वेगळे जनुकप्रकार मोजावेत, मग प्रत्येक क्लोनचा एकच प्रतिनिधी ठेवून मार्करमधला परस्परसंबंध पुन्हा तपासावा. क्लोन काढल्यावर संबंध नाहीसा झाला तर समूहात लैंगिक देवाणघेवाण होत असावी, टिकून राहिला तर समूहाची रचना किंवा दीर्घकाळचे अलैंगिक प्रजनन यांचा विचार करावा. स्ट्रक्चर हा प्रोग्राम चालवताना एकगुणित हा पर्याय निवडल्याची खात्री करून घ्यावी. दोन्ही जोडीदारांचे मार्कर असतील तर बुरशीचे आणि शैवालाचे गट वेगवेगळे काढून शेजारी मांडावेत. सोरेडियांतून दोघे एकत्रच प्रवास करतात, बीजाणू मात्र एकटा जातो आणि पोचल्यावर तिथल्या शैवालाशी घर मांडतो. दोन नकाशे एकमेकांवर बसतात की नाहीत, यावरून प्रसार कसा झाला हे वाचता येते.

काम प्रसिद्ध करताना प्रायमरचे क्रम, पुनरावृत्तीचा प्रकार, खंडांच्या लांबीची व्याप्ती, वैविध्य, शैवालावरच्या चाचणीचा निकाल आणि बाद केलेल्या मार्करची कारणे, असे सगळे एका तक्त्यात द्यावे. मार्कर असलेले क्रम जेनबँकेत जमा करावेत आणि प्रत्येक नमुन्याचा संग्रहातला क्रमांक सोबत लिहावा. उरलेला डीएनए दोन ट्यूबमध्ये विभागून एक ट्यूब दुसऱ्या इमारतीतल्या फ्रीजरमध्ये ठेवावी, आणि ट्यूबवरची अक्षरे पेन्सिलीने किंवा अल्कोहोलने न पुसणाऱ्या शाईने लिहावीत.